फोटो साफ झाला, पण माणूस बदलला

तेरवीच्या दोन दिवस आधी एक भाऊ दुकानात आले. मोबाइलमध्ये आईचा फोटो होता, कुठल्याशा ॲपमध्ये टाकून 'साफ' केलेला. गाल गुळगुळीत, डोळ्यांत चमक, भुवया कोरलेल्या. बारा बाय अठराची फ्रेम पाहिजे म्हणाले. सोबत त्यांची मावशी होती, पंच्याहत्तरीच्या पुढची. तिनं मोबाइल लांब धरला, मग जवळ धरला, मग माझ्याकडं पाहून विचारलं, "कोन व्हय हे? आमची बाई तं नाही ही."

भाऊंचा चेहरा उतरला. फोटो चांगला व्हावा म्हणून रात्रभर मोबाइल घेऊन बसले होते बिचारे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि फ्लेक्सचं दुकान आहे. ही अडचण महिन्यातून चार-पाच वेळा येतेच, पितृपक्षात तर जवळपास रोज. दर वेळी तेच तेच सांगतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

असं का होतं

'एन्हान्स' करणारं ॲप फोटोतून लपलेलं काही वर काढत नाही. जिथं तपशील नाही तिथं ते नवा तपशील रंगवतं. चेहरे सुधारणारी जी मॉडेलं (ॲपच्या आतले, हजारो फोटो पाहून शिकलेले एआय प्रोग्राम) आज सगळ्यांना माहीत आहेत, म्हणजे २०२१ चं जीएफपीगॅन आणि २०२२ चं कोडफॉर्मर, ती दोन्ही एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावर शिकलेली आहेत. त्यात फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेले सत्तर हजार चेहरे आहेत, बहुतेक डिजिटल कॅमेऱ्याच्या काळातले, स्वच्छ उजेडातले. त्यात नऊवारी लुगड्यातली, कपाळावर गोंदण असलेली, उन्हात डोळे बारीक केलेली वऱ्हाडी बाई किती सापडेल याचा अंदाज तुम्हीच करा. फोटोत नाक म्हणून चार ठिपके असले की मॉडेल आपल्या ओळखीचं नाक तिथं बसवतं.

यात सगळ्यात आधी काय पुसलं जातं ते मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता फोटो उघडायच्या आधीच शोधायला लागतो. पहिलं गोंदण. कपाळावरचे, हनुवटीवरचे हिरवट ठिपके मॉडेलला डाग वाटतात. दुसरे देवीचे वण. आपल्याकडं देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. त्याआधी जन्मलेल्या कितीतरी माणसांच्या तोंडावर हे वण होते, आणि घरच्यांना तो चेहरा वणांसकटच आठवतो. ॲपला मात्र ते फोटोतले दाणे वाटतात, ते इस्त्री फिरवल्यासारखं सगळं सपाट करतं. तिसरं म्हणजे तोंडाची ठेवण. तंबाखूची गोळी धरून धरून एका बाजूला झुकलेला ओठ सरळ होतो, पडलेला दात परत येतो. कोणी सहज पाहिलं तर म्हणेल, वा, काय सुंदर फोटो! घरातलं माणूस म्हणेल, हा कोण?

आधी डोळे मोजा

कोणतंही ॲप उघडायच्या आधी एका बुबुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर किती पिक्सेल (फोटोतले बारीक ठिपके) आहे ते मोजा. संगणकावर गिंप किंवा फोटोशॉप या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये मोजपट्टीचं साधन आहे. माझा ठोकताळा असा: ऐंशीच्या वर असेल तर चेहरा सुधारणाऱ्या ॲपची गरजच नाही, चाळीस ते ऐंशीच्या मध्ये असेल तर हात राखून वापरा, आणि चाळीसच्या खाली असेल तर ॲप बंद करून दुसरी मूळ प्रत शोधा. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, दुकानातल्या परत आलेल्या फ्रेममधून शिकलेला आहे.

हिशेब करून पाहू. जत्रेत किंवा लग्नात काढलेला सहा इंच रुंदीचा फोटो, त्यात दहा-बारा माणसं. एक चेहरा साधारण सहा मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांतलं अंतर अडीच-तीन मिलिमीटर. हा फोटो कोणीतरी मोबाइलनं काढला आणि नेहमीच्या पद्धतीनं व्हॉट्सॲपवर पाठवला, की लांब बाजू साधारण सोळाशे पिक्सेलवर येते. फोटो चौकटीत अगदी भरून घेतला असला तरी डोळ्यांत तीसेक पिक्सेल उरतात. आणि भरून कोण घेतो? भिंत येते, खुंटी येते, शेजारचं कॅलेंडर येतं. मग पंधरा-वीस. तोच कागद बाराशे डीपीआयला, म्हणजे एका इंचात बाराशे ठिपके धरून, स्कॅन केला तर सव्वाशेच्या आसपास पिक्सेल मिळतात.

एवढं मात्र खरं की डीपीआय वाढवून कागदावर नसलेलं काही येत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्टुडिओच्या साध्या रंगीत प्रिंटला सहाशे पुरे. त्याआधीचे बॉक्स कॅमेऱ्याचे, १२० रोलवरचे सहा बाय सहा सेंटिमीटरचे कॉन्टॅक्ट प्रिंट असतात ना, नखाएवढे चेहरे असलेले, त्यांच्यात मात्र खजिना असतो. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले असल्यानं त्यांत तपशील ठासून भरलेला असतो. लहान दिसतो म्हणून तो फोटो बाजूला टाकू नका, बाराशेला स्कॅन करा.

त्या भाऊंच्या फोटोत डोळ्यांत एकोणीस पिक्सेल निघाले. मी म्हटलं, "दादा, हा कशावरून काढला? भिंतीवरचा असन न, थोच घेऊन या." संध्याकाळच्या गाडीनं फ्रेम आली, पेपरात गुंडाळून.

भिंतीवरचा फोटो दुकानात आणताना

आमच्याकडं फोटो खराब व्हायच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. चुलीचा धूर, कवेलूतून गळणारं पाणी, मागच्या पुठ्ठ्याला लागलेली उधई. पावसाळ्यात दमट हवेनं फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला चिकटतो. काच आणि फोटो यांच्यात ओला झाल्यासारखा चकाकता डाग दिसला तर समजा की चिकटला. तो ओढून काढू नका. काढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. मी हे एकदा केलं आहे, धंद्याच्या पहिल्या वर्षी. त्या घरासमोरून जाताना अजून मान खाली जाते.

चिकटलेला फोटो काचेसकटच टिपायचा. झेरॉक्सच्या दुकानातले ऑल-इन-वन प्रिंटर आणि पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात, त्यांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. मध्ये दोन मिलिमीटरची काच आली की चित्र धूसर होतं. जाड, जड सीसीडी स्कॅनर असेल तर चालतं. नसेल तर कॅमेरा किंवा मोबाइल घ्या.

मोबाइलनं काढायचं तर फ्लॅश बंद, ब्यूटी मोड बंद, लेन्स धोतराच्या सोग्यानं का होईना पण पुसलेली. ओसरीत जमिनीवर फ्रेम ठेवा, ऊन नको, नुसता आभाळाचा उजेड बाजूनं यावा. काचेत तुमचं आणि मोबाइलचं प्रतिबिंब पडतं, त्यावर आमचा गावठी उपाय म्हणजे काळं घोंगडं. त्याला लेन्सपुरतं भोक शोधा (जुन्या घोंगड्याला शोधावं लागत नाही), त्यातून मोबाइल डोकावू द्या, बाकी सगळं घोंगड्याच्या आड. काचेला आता फक्त काळं दिसतं, म्हणून ती चमकत नाही. फार जवळ जाऊ नका; थोडं वरून, दोन पट झूम असलेल्या लेन्सनं काढा, म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत. आणि पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. अर्ध्या तक्रारी इथंच मिटतात.

बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर फोटो आधी सावलीत पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशनं घराबाहेर झटका. ओल्या फडक्यानं पुसू नका.

कुंकू

भाऊंनी आणलेल्या फ्रेममध्ये जत्रेतला जोडीचा काळापांढरा फोटो होता, मागं रंगवलेला पडदा. वडील वीस वर्षांपूर्वी गेलेले. काच कधीतरी फुटली, ती पुन्हा बसवलीच नाही. दर दसऱ्याला वडिलांच्या कपाळावर हळद-कुंकू लागत राहिलं, थेट कागदावर. ते ओघळून आईच्या गालापर्यंत गेलेलं. त्यावर धुराचा पिवळा थर.

इथं लोक दोन चुका करतात. एक, कुंकू ओल्या बोळ्यानं पुसतात. मग रंग जिलेटिनमध्ये मुरतो आणि कायमचा बसतो. दोन, फोटो काळापांढरा आहे म्हणून स्कॅनरवर 'ब्लॅक अँड व्हाइट' किंवा 'ग्रेस्केल' निवडतात. दुसरी चूक जास्त महागात पडते. ग्रेस्केलमध्ये कुंकवाचा डाग काळा होतो आणि चेहऱ्याच्या सावलीत असा मिसळतो की मग कोणी वेगळा करू शकत नाही.

काळापांढरा फोटोसुद्धा रंगीतच स्कॅन करायचा. रंगीत फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा अशा तीन वाहिन्या असतात, आणि डाग तिन्हींत सारखा दिसत नाही. कुंकू लाल आहे, म्हणजे ते लाल उजेड परत फेकतं. लाल वाहिनीत ते जवळपास पांढऱ्यासारखं उजळ दिसतं. हळद आणि धुराचा पिवळेपणा निळा उजेड खातात, म्हणून निळ्या वाहिनीत तेच डाग काळेकुट्ट आणि लालमध्ये फिके. मग काळापांढरा फोटो फक्त लाल वाहिनीतून बनवला तर?

गिंपमध्ये 'कलर्स' मेनूत 'डीसॅच्युरेट', त्यात 'मोनो मिक्सर'. लाल १, हिरवा ०, निळा ०. फोटोशॉपमध्ये 'चॅनल मिक्सर' घेऊन खाली 'मोनोक्रोम'वर खूण, लाल १००, बाकी शून्य. भाऊंसमोरच केलं. पहिल्या सेकंदात हळद गेली, पिवळेपणा गेला, आईच्या गालावरचा ओघळ गेला. वडिलांच्या कपाळावर कुंकवाचा थर जाड होता, तिथं एक करडी सावली तेवढी राहिली. तेवढी हीलिंग ब्रशनं, म्हणजे आजूबाजूच्या भागावरून डाग भरून काढणाऱ्या साधनानं, काढली. भाऊ म्हणाले, "जादू व्हय का हे?" जादू नाही, पण आठ वर्षं दुकान चालवल्यावर मला हे समजलं आणि त्याआधी मी तासन् तास एकेक डाग क्लोन करत, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून त्यावर चिकटवत, बसायचो, हे आठवलं की हसू येतं.

एक सावधगिरी. आजीच्या कपाळावरचं तिचं स्वतःचं कुंकू, फोटो काढला तेव्हाचं, ते फिल्मवरच करडं-काळं उमटलेलं असतं. ते या युक्तीनं जात नाही, आणि जाऊही नये. पण स्टुडिओवाल्यानं त्या काळी हातानं रंग भरला असेल, ओठांना लाल आणि लुगड्याला हिरवा, तर तो रंग मात्र लाल वाहिनीत बदलेल. असे फोटो वेगळे ओळखा.

जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत केसांवर, कोटावर निळसर आरशासारखी चमक येते. ती कागदातली चांदी हवेनं बदलून वर आलेली असते. तिलाही लाल वाहिनी बरीच उतरवते; बाकीचं काम उजेडाचा कोन बदलून.

लालसर पडलेले रंगीत फोटो

सत्तर-ऐंशीच्या दशकातले लग्नाचे अल्बम उघडले की सगळं वऱ्हाड गेरूनं माखल्यासारखं दिसतं. अंधारात, पेटीत ठेवलेल्या त्या काळच्या प्रिंटमध्ये निळसर-हिरवा रंग, म्हणजे सायन, सगळ्यात आधी उडतो. तो गेला की उरतो तांबडेपणा. इथं वरची लाल वाहिनीची युक्ती चालत नाही, उलट लाल वाहिनीच सगळ्यात फिकी झालेली असते. 'लेव्हल्स' उघडा, एकेक वाहिनी वेगळी निवडा आणि आलेखाचा डोंगर जिथं सुरू होतो आणि जिथं संपतो तिथं दोन्ही टोकाचे त्रिकोण आणा. लालमध्ये काळ्या बाजूचा त्रिकोण बराच आत यावा लागेल. नवरीच्या मुंडावळ्या पांढऱ्या दिसल्या की थांबा. 'ऑटो' बटण कधी छान काम करतं, कधी नवरदेवाला कावीळ करतं.

मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी

त्याच काळातल्या काही कागदांवर बारीक षटकोनी खळगे असतात. स्कॅन केला की पूर्ण चेहऱ्यावर जाळी. ही जाळी तशीच ठेवून ॲपला दिली, की ते तिला त्वचा समजून मगरीची कातडी बनवतं. स्कॅनरचा दिवा एका बाजूनं येतो, म्हणून प्रत्येक खळग्याची सावली एकाच दिशेला पडते. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून स्कॅन करा. दुसरा स्कॅन संगणकावर परत सरळ करा, पहिल्यावर तंतोतंत जुळवा आणि वरच्या थराची ओपॅसिटी ५० टक्के करा, म्हणजे तो अर्धा पारदर्शक होतो. समोरासमोरच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात. जुळवायला वेळ लागतो, डोळ्यांच्या कोपऱ्यांवर लक्ष ठेवा.

आता ॲप वापरायचं असेल तर

मी ॲपच्या विरोधात नाही. मीही वापरतो. पण क्रम असा: स्कॅन, वाहिनी, लेव्हल्स, ओरखडे, आणि मग सगळ्यात शेवटी चेहरा. लोक उलटं करतात, आधी ॲप. मग ओरखड्याची सुरकुती होते आणि सुरकुतीचा ओरखडा.

कोडफॉर्मरमध्ये शून्य ते एक असा एक आकडा असतो. शून्याकडं नेला तर चेहरा देखणा आणि परका, एककडं नेला तर मूळाला धरून. मी ०.८ च्या खाली उतरत नाही. निघालेला चेहरा मूळ फोटोच्या वर वेगळा थर म्हणून ठेवायचा, ओपॅसिटी तीस-चाळीस टक्के, आणि मास्क लावून गोंदण, वण, तीळ, ओठांचे कोपरे, नथ या जागा पूर्ण मोकळ्या करायच्या, म्हणजे तिथं खालचा खराच फोटो दिसेल. मग वरचा थर चालू-बंद करून पाहा. चालू-बंद करताना डोळे जागचे हलल्यासारखे वाटले तर तो थर फेकून द्या. शेवटी पूर्ण फोटोवर जुन्या फिल्मसारखे थोडे दाणे (ग्रेन) घाला, नाहीतर चेहरा प्लास्टिकचा आणि सदरा खादीचा असं दिसतं.

मोठी फ्रेम छापायच्या आधी चार बाय सहाचा एक प्रिंट काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा. "आईचा फोटो आहे" असं आधी सांगायचं नाही. नुसता हातात द्यायचा.

मतदान ओळखपत्रावरच्या फोटोबद्दल नेहमी विचारतात. निवडणूक आयोगानं १९९३ पासून फोटोची ओळखपत्रं दिली, आणि खेड्यातल्या कितीतरी आजी-आजोबांचा आयुष्यातला एकमेव फोटो तोच आहे. बोटाच्या पेराएवढा, लॅमिनेशनखाली, कधी अर्ध्या चेहऱ्यावर शिक्का. तिथं कोणती युक्ती फारशी चालत नाही. लॅमिनेशन फाडू नका, घोंगडं लावून टिपा, लेव्हल्स करा आणि फोटो लहानच छापा. पाच बाय सातच्या फ्रेममध्ये, भोवती रुंद पांढरा माउंट सोडून, मध्ये दोन इंचांचा चेहरा. गिऱ्हाईक आधी हिरमुसतं. "एवढासाच?" म्हणतं. पण त्या मापाला माणूस ओळखू येतो, बारा बाय अठराला येत नाही.

भाऊंच्या आईचं काम रात्री साडेअकराला संपलं; मध्ये दोन वेळा लाइन गेली. जोडीच्या फोटोतून आईला वेगळं काढलं. हनुवटीवरचे तीन ठिपके आणि डाव्या गालावरचे वण तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी मावशीच्या हातात छोटा प्रिंट दिला. तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "माह्यासोबतच गोंदलं होतं हे, मांडवात."

मग भाऊंना वाटलं, रंगीत करावा. ॲप करून देतंच. मी म्हटलं, लुगडं कोणत्या रंगाचं होतं ते सांगा. हिरव्याचा आणि जांभळ्याचा करडा सारखाच निघतो, ॲप मनानं काहीतरी लावील. भाऊ म्हणाले हिरवं. मावशी म्हणाली जांभळं, "मीच देल्लं होतं, मले मालूम नाही?" भाऊंनी पुण्याच्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, पिवळं.

फ्रेम काळीपांढरीच गेली.